शब्दचर्चा : ‘पाट्या टाकणे’ म्हणजे काम न आवडणे का?

प्रश्न

आमच्या संस्थेच्या गृहपत्रिकेसाठी मी निरनिराळ्या विभागांतल्या सहकाऱ्यांच्या मुलाखती घेत आहे. सर्वांना विचारलेला प्रश्न एकच आहे : आपल्याला आपले रोजचे काम आवडते का? या प्रश्नाला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर जवळजवळ कोणीच देत नाही. कोणी ‘चालले आहे’ म्हणतात, कोणी ‘आता अंगवळणी पडले’ म्हणतात, तर कोणी ‘सकाळी निघायचे जिवावर येते, पण एकदा पोचलो की काही वाटत नाही’ असे सांगतात. लेखा विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘आम्ही आपल्या पाट्या टाकतो’ एवढेच उत्तर दिले. वास्तविक त्यांच्या वहीत खाडाखोड सापडत नाही, आणि महिनाअखेरीस ताळा जुळल्याशिवाय ते जागचे उठत नाहीत, हे सगळ्या कचेरीला ठाऊक आहे. संपादक मंडळातील एका सदस्यांचे म्हणणे असे, की हे उत्तर ‘काम आवडत नाही’ या गटात घालावे. मला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे नीट मांडता येत नाही. ‘पाट्या टाकणे’ या वाक्प्रचाराचा नेमका अर्थ काय, आणि त्यात नावड गृहीत असते काय, यावर जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद : बांधकाम खात्यातील निवृत्त हजेरी कारकून, अहिल्यानगर जिल्हा

या वाक्प्रचारातील पाटी म्हणजे माती वाहायची टोपली. पुढे तिची जागा लोखंडी घमेल्याने घेतली, तरी बोलण्यात पाटी राहिली. पुरुषांनी खणायचे, फावड्याने पाटी भरायची, आणि बायांनी डोक्यावर चुंबळ ठेवून ती भरावावर नेऊन टाकायची, हा मातीकामाचा नेहमीचा क्रम असे. दिवसभर तेच पाऊल, तीच वाट आणि तीच पाटी. वाक्प्रचाराचा उगम या कामात आहे, हे उघड आहे. परंतु त्यातला ‘मन न लावता, वेळ भरण्यापुरते काम करणे’ हा अर्थ कोठून आला, हे समजण्यासाठी मजुरी कशी ठरत असे ते पाहावे लागते, आणि माझ्या मते सगळा उलगडा तेथेच आहे.

मजुरीच्या दोन रीती आहेत. एक रोजाची, म्हणजे हजेरीपटावर नाव लागले, दिवस भरला, की ठरलेला रोज मिळाला. दुसरी रीत उक्त्याची. तिला आमच्याकडे उक्ते म्हणतात, दक्षिणेकडे काही ठिकाणी उधडे म्हणतात, मराठवाड्यात गुत्ते म्हणतात. यात एवढे काम, एवढे पैसे असा करार असतो, आणि ते काम तुम्ही एका दिवसात करा किंवा चार दिवसांत करा, पैसे तेवढेच. रोजाच्या कामावर पाटी अर्धी भरली काय आणि काठोकाठ भरली काय, संध्याकाळी हातात पडणारी रक्कम बदलत नाही. मुकादमाचे लक्ष असते ते पाट्या पडत आहेत की नाहीत याकडे. या परिस्थितीत पाटी टाकणे हेच काम होऊन बसते, आणि भराव किती उंच झाला ही गोष्ट मजुराची उरत नाही. उक्त्याच्या कामावर मात्र ‘पाट्या टाकणे’ संभवतच नाही, कारण तेथे अर्धी पाटी टाकणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

रोजगार हमी योजनेच्या कामांवर मी हे जवळून पाहिले. 1972च्या दुष्काळात राज्यभर पाझर तलाव, रस्ते, नालाबांध आणि खडी फोडणे अशी कामे निघाली. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो अमलात आला. या कामांवर मजुरी ठरे ती मोजमापाने. खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजून किती ब्रास माती निघाली ते काढायचे, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि त्याप्रमाणे टोळीला पैसे. त्यामुळे मुरूम कठीण लागला किंवा मोजमाप कमी धरले गेले, तर माणसे तळमळून भांडत. ज्यांना रणरणत्या उन्हात ते काम आवडण्याचे काही कारण नव्हते, ती माणसे इंचाइंचाचा हिशेब ठेवत होती. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ‘पाट्या टाकणे’ हा वाक्प्रचार आवडीनावडीविषयी काही सांगत नाही. काम आणि मोबदला यांच्यातला दुवा तुटला की माणूस कामाशी कसा वागू लागतो, ते तो सांगतो.

प्रतिसाद : मुद्रितशोधक, पुणे

वरील प्रतिसाद मोलाचा आहे, आणि उक्ते व रोज हा भेद मला पूर्णपणे मान्य आहे. तथापि वाक्प्रचाराचा उगम आणि त्याचा आजचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आज हा वाक्प्रचार मातीकामावर फारसा ऐकू येत नाही. तो कचेऱ्यांत, शाळांत आणि बँकांत वावरतो. तेथे त्याचा अर्थ बोलणारा कोणत्या पुरुषात बोलतो, यावर ठरतो.

‘तो नुसत्या पाट्या टाकतो’ हा आरोप आहे. यात त्या माणसाच्या कामाचा दर्जा खालावला आहे असे ठाम विधान आहे, आणि ते दुसऱ्याविषयी केलेले आहे. ‘मी हल्ली पाट्या टाकतो आहे’ ही कबुली आहे. यातील ‘हल्ली’ या शब्दाकडे लक्ष द्यावे, कारण पूर्वी तसे नव्हते हे त्यात आपोआप येते. ‘आम्ही आपल्या पाट्या टाकतो’ हा तिसराच प्रकार आहे. यातील ‘आपल्या’ हा शब्द स्वामित्व दाखवत नाही. ‘आपले बसलो आहे झाले’ यातील ‘आपले’सारखा तो आहे, म्हणजे बोलणारा स्वतःला लहान करून घेतो आणि पुढची चौकशी नम्रपणे थांबवतो. स्वतःच्या कामाची थोरवी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, असा एका पिढीवर संस्कार होता. आपले लेखा विभागातील सहकारी त्या पिढीतील असावेत. त्यांच्या उत्तरातून त्यांच्या कामाचा दर्जाही कळत नाही आणि आवडही कळत नाही. कळते ते एवढेच, की या विषयावर मुलाखत देण्याची त्यांची इच्छा नाही.

या वाक्प्रचाराहून जुना शब्द ‘वेठ’ आहे. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द राजाने किंवा वतनदाराने मोबदला न देता करून घेतलेल्या कामाचा वाचक होता, आणि त्याच अर्थाचा फारसी ‘बेगार’ मराठीत ‘बिगार’ होऊन त्याला येऊन मिळाला, तेव्हा ‘वेठबिगार’ हा जोडशब्द तयार झाला. ‘वेठ वारणे’ म्हणजे काम कसेबसे, नाइलाजाने उरकणे. कायद्याने वेठबिगारीची पद्धत देशभर रद्द झाली ती 1976 साली. भाषेत मात्र ‘वेठीस धरणे’ आजही रोजच्या वापरात आहे. वेठ आणि पाट्या यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. वेठीत जुलूम दिसतो, कोणीतरी धरून आणलेले असते. पाट्या टाकणारा स्वतःच्या पायांनी कामावर येतो, पगारही घेतो. म्हणूनच वेठ वारणाऱ्याची कीव केली जाते आणि पाट्या टाकणाऱ्याला दोष दिला जातो.

प्रतिसाद : परिचारिका, नागपूर

मी भाषेची अभ्यासक नाही, परंतु मूळ प्रश्नात आलेल्या ‘जिवावर येणे’ या शब्दप्रयोगाविषयी लिहावेसे वाटते, कारण आमच्या रुग्णालयात तो सर्वांत जास्त ऐकू येतो. सलग रातपाळ्या झाल्या, की ‘आज ड्यूटीवर जायचे जिवावर आले होते’ असे म्हणणाऱ्या सहकारी मला कित्येक भेटल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक जणी अशा आहेत, की सुईला घाबरणारे मूल त्यांच्याच हातून निमूटपणे सुई टोचून घेते. जिवावर येते ते जाणे, काम नव्हे. हा प्रयोग बहुधा कामाच्या उंबरठ्यावरच्या क्षणासाठी होतो. पाळी सुरू झाल्यानंतर ‘हे काम माझ्या जिवावर आले आहे’ असे मी कोणाच्या तोंडून फारसे ऐकलेले नाही.

खरी काळजी करावी अशी वाक्ये निराळी आहेत. ‘आता करवत नाही’, ‘आता तिकडे जाववत नाही’, ‘आता त्या वॉर्डात उभे राहवत नाही’. शाळेत आपण यांना शक्य क्रियापदे म्हणून शिकलो. वर वर पाहता यात शरीराच्या शक्तीविषयी बोललेले असते, परंतु धडधाकट, तरुण मुलगी ‘करवत नाही’ म्हणते तेव्हा तिला थकव्यापलीकडचे काहीतरी सांगायचे असते. मनाने नकार दिलेला असतो, आणि तो नकार तिच्या इच्छेचा नसतो. ‘मला हे काम आवडत नाही’ असे म्हणणारी मुलगी दुसरा विभाग मागून घेते. ‘करवत नाही’ म्हणणारीकडे वरिष्ठांनी त्याच आठवड्यात लक्ष दिले पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन.

‘उरकणे’ या शब्दालाही उगीच वाईट म्हटले जाते. डॉक्टरांच्या फेरीआधी ड्रेसिंग, तापमानाच्या नोंदी, अंग पुसणे हे सगळे उरकावेच लागते. ते उरकण्यात हयगय नसते. मागे उभ्या असलेल्या पुढच्या रुग्णाची जाणीव त्यात असते. शेवटची नोंद करून पाळी दुसरीच्या स्वाधीन केली, की आम्ही ‘हातावेगळे झाले’ म्हणतो, आणि त्या शब्दात समाधान असते. आवडते काम आणि नावडते काम दोन्ही हातावेगळी होतात. समाधान दोन्हींत मिळते.

प्रतिसाद : सिंधुदुर्गातून मुंबईत आलेले एक नोकरदार

थोडे ‘नोकरी’ या शब्दाविषयीही. ‘नोकर’ हा शब्द फारसीतून आला, आणि त्याच्या मुळाशी मंगोल भाषेतला सोबती, साथीदार या अर्थाचा शब्द आहे. ‘चाकर’ही फारसीच. आमच्या कोकणात त्यावरून ‘चाकरमानी’ हा शब्द झाला. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून गावी येणारा तो चाकरमानी. गावात या शब्दाला मान होता, कारण त्याच्या मनिऑर्डरीवर घर चाले. 2025मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर, या शब्दात कमीपणा असल्याने त्याऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावे, अशी मागणी पुढे आली, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. मला व्यक्तिशः ‘चाकरमानी’ हाच शब्द जवळचा वाटतो. कोकणवासीय म्हटल्याने मी कोठला ते कळते. चाकरमानी म्हटल्याने मी कोणासाठी काय करत होतो, तेही कळते.

प्रश्नाशी याचा संबंध असा, की गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या आमच्या आधीच्या पिढीला ‘काम आवडते का’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. खाडा होऊ नये, बदली कामगाराचे कायम कामगार व्हावे, आणि मे महिन्यात रजा मिळावी, एवढे तीन विषय घरात बोलले जात. नोकरी ‘लागत’ असे. ‘लागणे’ या क्रियापदात निवड नाही. जी गोष्ट निवडलेली नाही, तिच्याविषयी आवड विचारली की माणूस गोंधळतो, आणि ‘चालले आहे’ म्हणतो.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. ‘पाट्या टाकणे’ नावडीच्या गटात घालायचे नाही, हे आता मी सकारण सांगू शकेन. आणखी एक शंका आहे. काही तरुण सहकारी ‘मी काम एन्जॉय करतो’ असे म्हणतात. ते तसेच छापावे, की ‘रमणे’ हा शब्द वापरावा?

प्रतिसाद : मुद्रितशोधक, पुणे

ते जे बोलले तेच छापावे, कारण ‘एन्जॉय करणे’ आणि ‘रमणे’ यांची अदलाबदल होत नाही. ‘एन्जॉय करणे’ यात करणारा कामाच्या बाहेर उभा असतो आणि कामापासून आनंद घेतो. रजा, सहल, जेवण यांबाबतही हेच म्हणता येते. ‘रमणे’ला सप्तमी लागते. माणूस कामात रमतो, म्हणजे काही काळ तो त्या कामाच्या आत असतो आणि आनंद होतो आहे याचीही त्याला शुद्ध नसते. त्यामुळे ‘मी रमतो’ हे स्वतःविषयी चालू क्षणी सांगता येत नाही. ते पाहणारा सांगतो, किंवा मागाहून आठवून सांगितले जाते. ‘त्यात मी चांगला रमलो होतो’ असे निवृत्तीनंतर कितीतरी माणसे म्हणतात.

मधल्या मोठ्या जागेसाठी ‘अंगवळणी पडणे’ हा शब्द आहे, आणि त्याला केवळ सवय समजू नये. अंगाला वळण पडले, हात बसला, की तेच काम पूर्वीपेक्षा कमी त्रासाचे होते, आणि त्यात कौशल्यही आलेले असते. आपल्या मुलाखतींतील बहुसंख्य माणसे मला येथे दिसतात. त्यांना आवडीच्या किंवा नावडीच्या बाजूला ढकलू नये.

एक सूचना हजेरी कारकुनांच्या प्रतिसादावरून सुचते. ‘काम आवडते का’ या प्रश्नाला जोडून ‘आपल्या कामातले काय कोणी मोजत नाही?’ असाही प्रश्न विचारून पाहावा. ताळा जुळल्याशिवाय न उठणाऱ्या गृहस्थांकडे पुन्हा जाऊन हाच प्रश्न विचारला, तर ते बहुधा सविस्तर बोलतील.

प्रतिसाद : निवृत्त हजेरी कारकून

या सूचनेला माझे अनुमोदन आहे. फक्त एक करावे. त्यांचे पहिले उत्तर काढून टाकू नये. ‘आम्ही आपल्या पाट्या टाकतो’ हे वाक्य आधी छापावे आणि दुसरे उत्तर त्याखाली.