कोपऱ्यावरची पोरं बेशिस्तीच्या खात्यात कुणी टाकली?

अबोली: "वस्तीत बेशिस्त किती, हे मोजायचं तर किशोरवयीन मुलांना विचारत बसू नका, रस्त्याचं चित्रण करा आणि कचरा, रंगवलेल्या भिंती, टोळकी मोजा", हे ठोकताळा यांचं विधान वाचून राहवलं नाही. शिकागोत १९९५ साली सॅम्पसन-राउडेनबुश या संशोधकांच्या चमूने हेच केलं. गाडी अगदी संथ चालवत त्यांनी २३ हजारांहून जास्त रस्त्यांचे तुकडे टिपले. पण कधी? सकाळी ७ ते संध्याकाळी ७! पंधरा वर्षांच्या मुलीला ज्याची धास्ती असते, ते बहुधा अंधार पडल्यावर सुरू होतं.

ठोकताळा: आणि विचारून काय हाती लागतं? खचलेल्या मुलाला शांत गल्लीही वाईटच दिसते. मग तुम्हीच म्हणणार, वस्तीमुळे खचला. याच दोघांनी २००४ मध्ये दाखवलंय की कचरा तेवढाच असला तरी कृष्णवर्णीयांची वस्ती जास्त असेल तिथे लोकांना बेशिस्त जास्त दिसते. हा पूर्वग्रह मोजायचाय का तुम्हाला?

चारमुलांचीआई: ते राहू द्या. टोळकी म्हणजे कोण? माझा मुलगा मित्रांबरोबर कोपऱ्यावर उभा राहायचा, कारण घरात चौघांना बसायला जागा नव्हती. शेजाऱ्यांनी त्याला गुंड ठरवलं. आज तो रुग्णालयात परिचारक आहे.

ठोकताळा: ताई, एका मुलावरून शास्त्र ठरत नाही. शिकागोच्या यादीत घुटमळणारी होती ती मोठी माणसं. मुलांपैकी फक्त टोळीच्या खुणा दिसणारे गट.

चारमुलांचीआई: त्या खुणा ओळखणार कोण? गाडीत बसलेला परका माणूस! त्याला कपडे दिसतात, पोरगं दिसत नाही. तुमच्या मुलाला कुणी असं मोजलं असतं तर एवढं शांतपणे लिहिलं असतंत?

ठोकताळा: माझ्या मुलाला मध्ये आणू नका.

अबोली: आणि माझा मुद्दा वाहून गेला. कचऱ्यासाठी चित्रण चांगलं, हे मान्य करते. तो दिवसाही तिथेच पडलेला असतो. भांडणं, दारू, नशेची विक्री मात्र गाडी जाते त्या क्षणी घडेलच असं नाही. ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

ठोकताळा: बरं, सामाजिक भागापुरतं, म्हणजे भांडणं-दारू-नशेपुरतं, विचारा. पण एकेका मुलाच्या उत्तरावर जाऊ नका, एका वस्तीतल्या अनेकांची उत्तरं एकत्र करा. यापुढे मी सरकणार नाही.

चारमुलांचीआई: आणि कोपऱ्यावर उभं राहणं यादीतून काढा. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.