ब्रिटनमधील लोकर-मेळे : वर्षभरात कोठे आणि कधी जावे?

उलटसुलट
नमस्कार. मी गेली चार वर्षे लेकीकडे लेस्टरला राहते. विणकामाची आवड लहानपणापासूनची आहे. पण ते सगळे दुकानातल्या ॲक्रिलिकच्या गुंड्यांवर झाले, आणि मेंढीच्या अंगावरची लोकर सूत होईपर्यंत कोणकोणत्या हातांतून जाते, हे मी कधी पाहिलेले नाही. येत्या वर्षात इथल्या लोकर-मेळ्यांपैकी दोन-तीन तरी सावकाश पाहावेत, असा विचार आहे. मी गाडी चालवत नाही, गुडघे फार वेळ उभे राहू देत नाहीत, आणि वर्षभराच्या खरेदीसाठी तीनशे पौंड बाजूला ठेवले आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत मी कोल्हापूरला असते. कृपया जाणकारांनी सुचवावे.

डोंगरवाट
ताई, तुम्हाला लोकरीचा प्रवास पाहायचा असेल, तर सुरुवात इंग्लंडच्या वायव्येकडच्या कम्ब्रियातल्या कॉकरमथ येथील वूलफेस्टपासून करावी. हा मेळा 2005 पासून, जूनच्या अखेरीस, शुक्रवार आणि शनिवार असा दोन दिवस भरतो. वूल क्लिप ही तिथल्या कारागिरांची सहकारी संस्था तो भरवते आणि जागा असते गुरांच्या लिलावाची. त्यामुळे आत पाऊल टाकताच नाकाला गवताचा आणि मेंढ्यांचा वास येतो. दुर्मीळ जातींच्या मेंढ्या समोर उभ्या असतात, शेजारी त्याच जातींची कातरलेली लोकर विकायला असते आणि दोन पावलांवर कोणीतरी चरख्यावर सूत काढत असते, म्हणजे तुम्ही विचारलेला सगळा प्रवास एका छपराखाली पाहायला मिळतो.

तिथे हर्डविक मेंढी अवश्य पाहा. हिची कोकरे काळी जन्मतात आणि वयाबरोबर करडी होत जातात. लोकर इतकी राठ, की अंगालगतच्या स्वेटरसाठी तिचा विचारही करू नये; गालिचे आणि पिशव्या मात्र तिच्या उत्तम होतात. घोंगडी वापरलेल्या माणसाला हा स्पर्श लगेच ओळखू येतो. त्यानंतर ब्लूफेस्ड लेस्टर या जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीवरून हात फिरवा, म्हणजे ‘लोकर टोचते’ हे विधान किती अपुरे आहे, ते कळेल. (नावातले लेस्टर तुमचेच.)

पेनरिथपर्यंत रेल्वेने यावे आणि तिथून केझिकमार्गे कॉकरमथला जाणारी बस घ्यावी. शुक्रवारी गर्दी तुलनेने कमी असते.

एक विनंती आहे. पहिल्याच भेटीत न धुतलेली अख्खी लोकर विकत घेऊ नका. मी ती घेतली, घरच्या टबात धुतली, आणि मेंढीचे मेण, माती व काटक्या यांनी टबाची मोरी अशी तुंबवली, की पुढचे दोन दिवस घरातले कोणी माझ्याशी नीट बोलत नव्हते. धुऊन पिंजलेली लोकर घ्यावी. ती थोडी महाग पडते, पण घरात शांतता राहते.

बेटावरची
मेळा म्हणण्यापेक्षा तीर्थयात्रा म्हणावी असा प्रकार म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचा शेटलंड वूल वीक. सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन तो नऊ दिवस चालतो, म्हणजे तुमच्या कोल्हापूरच्या वेळापत्रकात बसतो. तो एका मंडपात भरत नाही. कार्यशाळा, गिरण्या, शेतकऱ्यांची घरे आणि संग्रहालये अशी सगळ्या बेटांवर त्याची पांगापांग असते. दर वर्षी एका टोपीचा नमुना विनामूल्य प्रसिद्ध होतो आणि तीच टोपी आपापल्या रंगांत विणून लोक येतात. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनहून संध्याकाळी निघालेली बोट सकाळी शेटलंडच्या लर्विक बंदराला पोहोचते, आणि रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या डोक्यांवर आपलीच टोपी दिसते.

मला सर्वांत आवडली ती तिथल्या बायकांची विणण्याची पद्धत. कमरेला चामड्याचा पट्टा असतो, त्यावर घोड्याचे केस भरलेली आणि भोके पाडलेली एक गादी असते. उजव्या सुईचे मागचे टोक त्या भोकात खोचले, की सुईचा भार पट्टा घेतो आणि हात फक्त धागा फेकतो. पूर्वी बायका पाठीवर ओझे घेऊन चालता चालता विणत असत, ते या पट्ट्याच्या जोरावर. मी अर्धा तास प्रयत्न केला आणि सात टाके गळाले.

मेंढ्यांच्या नैसर्गिक रंगांना तिथे स्वतंत्र नावे आहेत : तांबूस तपकिरी तो मूरिट, गडद करडा तो शेला. आपल्याकडे शेला पांघरतात, तिथे तो मेंढीच्याच अंगावर असतो! सवड असेल तर उन्स्ट बेटावर जाऊन तिथली जाळीदार शाल पाहावी. अंगठीतून आरपार जाणारी शाल ही अतिशयोक्ती नाही.

मात्र कार्यशाळांच्या जागा फार लवकर भरतात आणि निवासाची व्यवस्था त्याहूनही आधी करावी लागते. वारा असा असतो, की छत्री घरीच ठेवावी.

गुंडाळी
उरलेल्या दोन मेळ्यांविषयी थोडक्यात सांगते. एप्रिलच्या अखेरीस वेल्समधल्या बिल्थ वेल्सला वंडरवूल वेल्स भरते. मेळा मोठा आणि छान आहे, पण बिल्थ रोड स्थानकावर दिवसातून मोजक्याच गाड्या थांबतात. स्वतःची मोटारगाडी नसेल तर मी आग्रह करणार नाही. यॉर्कशरमधल्या स्किप्टनचे यार्नडेल रेल्वेने सोपे आहे. क्रोशाने विणलेल्या त्रिकोणी पताकांच्या माळा पाहण्यासाठी तरी जावे. अडचण एवढीच, की तेही सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असते आणि त्याच सुमारास शेटलंडचा आठवडा सुरू होतो. तुमच्या गुडघ्यांचा विचार केला, तर मी स्किप्टन निवडीन.

बिरोबाचा पाईक
ताई, कोल्हापूरला येता आहात, तर हुपरीजवळच्या पट्टणकोडोलीची, धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा चुकवू नये. ती दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान येते. तिथे भंडाऱ्याबरोबर खोबरे आणि लोकर यांचीही उधळण होते. लोकर देवावर उधळण्याइतकी मोलाची मानणारा समाज पाहणे हाही लोकरीच्या प्रवासाचाच भाग आहे. घोंगडे घेताना ते नाकाशी न्यावे आणि हातात चुरगाळून पाहावे. हातमागावरच्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे ते सुरुवातीला ताठ लागते आणि वापराने मऊ होते. पहिल्यापासूनच मऊसूत, हलके आणि एकसारखे काळेभोर असेल, तर विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. पांढरे कपडे मात्र घालू नका, भंडारा धुऊन जात नाही.

उलटसुलट
सर्वांचे मनापासून आभार. जूनमध्ये वूलफेस्ट, सप्टेंबरमध्ये स्किप्टन आणि तिथी जुळली तर पट्टणकोडोली, असे ठरवते. शेटलंड त्याच्या पुढच्या वर्षी, लेकीला बरोबर घेऊन. डोंगरवाट यांना एक शंका : वूलफेस्टला मध्येच बसायला जागा मिळते का, की घडीचे स्टूल बरोबर आणू?

डोंगरवाट
जागा आहे, पण जेवणाच्या वेळी ती मिळत नाही. स्टूल आणा. चरख्यावाल्यांपाशी ते मांडून बसलात, तर कोणी उठवणार नाही; उलट हातात कातायला पिंजलेल्या लोकरीचा पेळू देतील.