पीसी सारखा हँग होतो आणि 'मेमरी कमी आहे' म्हणतो: आधी रॅम की आधी एसएसडी?

शाईदौत

घरचा डेस्कटॉप आहे. इंटेल कोअर आय३-६१००, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी (दुसरा स्लॉट रिकामा), १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १०, ६४ बिट. सी ड्राइव्ह १०० जीबीचा असून त्यात जेमतेम ३ जीबी मोकळे आहेत. बाकीच्या पार्टिशनमध्ये भरपूर जागा आहे.

काम असं: क्रोममध्ये आठ-दहा टॅब, वर्डमध्ये मराठी मजकूर आणि कोरलड्रॉमध्ये लग्नपत्रिका.

चालू केल्यावर बराच वेळ काहीच उघडत नाही, हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो. कोरल आणि क्रोम एकत्र उघडे असले की माऊसचा बाण हलतो पण क्लिक लागत नाही, खिडकी पांढुरकी होऊन वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. अधूनमधून मेमरी कमी असल्याचा संदेश येतो आणि कोरल बंद पडतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि मेमरी ८८ टक्के दिसते. १२ टक्के शिल्लक असताना मेमरी संपली असं का म्हणतो, हे कळत नाही. व्हायरस स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. दुकानदार फॉरमॅट मारायला सांगतोय.

रॅम आणि एसएसडी (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) दोन्ही एकदम घेता येणार नाहीत. आधी काय घेऊ?

खिळेमोळे

फॉरमॅट आत्ता नको. फॉरमॅटने थोडे दिवस बरं वाटेल, पण ४ जीबीचे ८ जीबी होणार नाहीत. आधी नेमकं काय संपतंय ते बघू. 'मेमरी ८८ टक्के' या एका आकड्यावरून ते कळत नाही.

कोरल आणि क्रोम उघडे ठेवून, पीसी अडखळायला लागला की कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा आणि परफॉर्मन्सच्या टॅबवर जा. मेमरीच्या पानावरचे 'इन यूज', 'अव्हेलेबल', 'कमिटेड' आणि 'नॉन-पेज्ड पूल' (विंडोज आणि ड्रायव्हर यांची, डिस्कवर न ढकलता येणारी मेमरी) हे चार आकडे इथे द्या. कमिटेडमध्ये तिरक्या रेघेने जोडलेले दोन आकडे असतात, दोन्ही हवेत. डिस्कच्या पानावरून 'अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' आणि सीपीयूच्या पानावरून 'अप टाइम' (पीसी किती वेळ चालू आहे) द्या.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज → सिस्टिम उघडून सोर्सच्या रकान्यात 'रिसोर्स-एक्झॉशन-डिटेक्टर' शोधा, इव्हेंट क्रमांक २००४. मेमरी संपली तेव्हा सगळ्यात जास्त कोणत्या तीन प्रोग्रॅमनी धरली होती, ते त्यात नावासकट असतं. त्याच यादीत 'डिस्क' या सोर्सच्या ७, ५१ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत का तेही पाहा.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींच्या 'रॉ व्हॅल्यू' लिहा. हार्ड डिस्कच मरायला टेकली असेल तर बाकीची चर्चा बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्यावा लागेल.

शाईदौत

इन यूज ३.४ जीबी, अव्हेलेबल ४८० एमबी, कमिटेड ५.२/५.४ जीबी, नॉन-पेज्ड पूल १९० एमबी. डिस्कचा रिस्पॉन्स टाइम ७०० ते ८०० मिलिसेकंद. अप टाइम ११ दिवस दाखवतोय, पण पीसी तर रोज रात्री शट डाउन होतो!

२००४ च्या नोंदी आहेत, त्यांत कोरल पहिलं आणि क्रोम दुसरं. डिस्कच्या ७ किंवा ५१ च्या नोंदी नाहीत, १५३ च्या थोड्या आहेत. ०५, सी५, सी६ शून्य, सी७ मात्र २एफ.

व्हर्च्युअल मेमरी कुणीतरी हाताने १५३६ एमबीवर बांधून ठेवलेली दिसते.

उंबरठा

मग तुमच्या १२ टक्क्यांचं उत्तर त्या ५.२/५.४ मध्येच आहे.

प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती लगेच रॅममधून काढून देत नाही, फक्त देण्याची हमी देतं. प्रोग्रॅम ती प्रत्यक्षात वापरायला लागला की रॅम खर्च होते. पण दिलेली प्रत्येक हमी पुरी करता यावी म्हणून एकूण हम्यांवर कमाल मर्यादा असते: रॅम अधिक पेजफाइल (व्हर्च्युअल मेमरीची डिस्कवरची फाइल). तुमच्याकडे वापरता येणारी रॅम ३.९ आणि पेजफाइल १.५, म्हणून मर्यादा ५.४. त्यातले ५.२ आधीच देऊन झालेत. कोरलने आणखी ३०० एमबी मागितले की विंडोज नाही म्हणतं, मग रॅममध्ये ४८० एमबी मोकळे असोत वा नसोत. ज्या प्रोग्रॅमला नकार मिळतो तो पडतो.

'पेजफाइल लहान ठेवा म्हणजे डिस्कवरचा ताण कमी होईल' हा सल्ला सगळीकडे फिरतो, पण तो चुकीचा आहे. मेमरीची कोणती पानं (छोटे तुकडे) डिस्कवर ढकलायची हे रॅमच्या टंचाईवरून ठरतं, फाइलच्या आकारावरून नाही. फाइल लहान केल्याने डिस्क शांत होत नाही, प्रोग्रॅम मात्र लवकर पडतात.

दुरुस्ती सी ड्राइव्हपासून सुरू करा, कारण ३ जीबीत पेजफाइल वाढायला जागाच नाही. डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबून जुन्या अपडेटच्या फाइली आणि आधीचं विंडोज काढा. विंडोज १० च्या काही जुन्या आवृत्त्यांत या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो. त्याच्यावर खूण असेल तर आत काय आहे ते बघून मगच पुढे जा, पुष्कळांच्या कामाच्या फाइली तिथेच पडलेल्या असतात. नंतर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांवर उजवी क्लिक → प्रॉपर्टीज → लोकेशन → मूव्ह असं करून ते डी ड्राइव्हवर हलवा. सी वर निदान २० जीबी मोकळे झाले पाहिजेत.

मग धिस पीसीवर उजवी क्लिक → प्रॉपर्टीज → अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज → परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज → अॅडव्हान्स्ड → व्हर्च्युअल मेमरीत चेंज. सगळ्यात वरच्या 'ऑटोमॅटिकली मॅनेज' या चौकटीत खूण करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज स्वतः सांभाळतं तेव्हा फाइल रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांतलं जे मोठं असेल तिथपर्यंत वाढते, पण त्या पार्टिशनच्या एक अष्टमांशापलीकडे जात नाही. तुमच्या १०० जीबीत १२ जीबीची सोय आरामात बसते.

अप टाइमचं कोडं फास्ट स्टार्टअपमुळे आहे. त्यात शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. ड्रायव्हर मेमरी गळवत असेल तर ती गळतीही रोज पुढे येते. रीस्टार्टमध्ये असं होत नाही. कंट्रोल पॅनेल → पॉवर ऑप्शन्स → 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन ती खूण काढा. नॉन-पेज्ड पूल १९० एमबी म्हणजे सध्या गळती दिसत नाही. तोच आकडा एक-दीड जीबीवर गेला असता तर संशय ड्रायव्हरवर घेतला असता.

खिळेमोळे

वरच्या उपायाने कोरल पडायचं थांबेल, पण हँग होणं थांबणार नाही. त्यामागे ७००-८०० मिलिसेकंदांचं कारण आहे.

७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि डोकं त्या पट्ट्यावर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद. विखुरलेली वाचनं सेकंदाला फार तर ७०-८० होतात. रॅम अपुरी पडली की विंडोज ४ केबीची पानं डिस्कवर ठेवत आणि परत आणत राहतं, म्हणजे नेमकं या डिस्कला सगळ्यात जड जाणारं काम. रांग वाढते आणि प्रत्येक क्लिक त्या रांगेत उभी राहते. साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी अशी वाचनं सेकंदाला हजारोंनी करते.

म्हणून माझं मत: आधी एसएसडी. ४ जीबीतही पेजिंग होईलच, पण ते जाणवणार नाही, आणि चालू होतानाचा खोळंबा संपेल. नुसती रॅम घेतलीत तर कोरल-क्रोम नीट चालतील, पण सकाळचा डिस्कचा दिवा तसाच पेटत राहील. २.५ इंची साटा एसएसडी, २५६ जीबी पुरे. सोबत साटा डेटा केबल वेगळी घ्या, एसएसडीच्या खोक्यात ती सहसा नसते. पॉवर सप्लायमधून साटाचा रिकामा पिन येतोय का तेही आधी उघडून पाहा.

नंतर रॅम. ८ जीबीची डीडीआर४ पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये बसवा, १२ जीबी होतील आणि त्यातले ८ जीबी दोन्ही चॅनेलवर (एकाच वेळी दोन वाटांनी) चालतील. बाजारात २६६६ किंवा ३२०० ची पट्टी मिळेल, चालेल. तुमचा प्रोसेसर ती २१३३ वरच चालवणार आहे, त्यामुळे वेगासाठी जास्त पैसे देऊ नका. घेताना लॅपटॉपची आखूड पट्टी हातात पडत नाही ना, एवढं बघा.

सी७ चा २एफ हा आकडा षोडशमान पद्धतीचा आहे, म्हणजे ४७. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटा जाताना झालेल्या चुका त्यात मोजल्या जातात, आणि बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. १५३ च्या नोंदीही त्याच्याशी जुळतात. ०५ आणि सी५ शून्य आहेत, त्यामुळे तबकडीवर शंका घेण्यासारखं काही नाही. केबल बदला. आकडा खाली येणार नाही, तो वाढायचा थांबला की झालं.

रानजाई

वरच्या दोघांशी सहमत. कोरलवर पत्रिका करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी जोडते.

फोटोची जेपीजी फाइल ५ एमबीची दिसली तरी उघडल्यावर ती तेवढी राहत नाही. ए३ आकार, ३०० डीपीआय, सीएमवायके (छपाईचे चार रंग) म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट: सुमारे ७० एमबी. असे दहा फोटो म्हणजे ७०० एमबी, आणि त्यावर सावली, पारदर्शकता चढवली की आणखी. पत्रिकेत फोटो ४ इंच दिसणार असेल तर आधीच ४ इंचाला ३०० डीपीआयवर आणून मग आत घ्या. नंतर कोरलमध्ये लहान करून उपयोग नाही, मूळ चित्र आत तसंच राहतं.

टूल्स → ऑप्शन्समधल्या मेमरीच्या पानावर कोरलची तात्पुरती फाइल कुठल्या ड्राइव्हवर जाते ते असतं. तिथे पहिला ड्राइव्ह डी करा, सी वरचा भार कमी होईल. अनडूच्या पायऱ्या २०-३० वर आणा.

मराठी डीटीपीच्या मशीनवर शेकड्यांनी फॉन्ट टाकलेले असतात. वर्ड आणि कोरल उघडायला वेळ लागण्याचं तेही एक कारण आहे. रोजचे ठेवा, बाकीचे डी वरच्या फोल्डरमध्ये काढून ठेवा आणि लागतील तेव्हा टाका.

आणि एक वेगळी खूण: मेमरी मोकळी असूनही मेन्यू अर्धवट रंगले, बटणं काळी पडली, तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये रकान्यांच्या नावावर उजवी क्लिक करून 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' (पडद्यावर रेखाटायला प्रोग्रॅमने घेतलेली साधनं) हा रकाना घ्या. एका प्रोग्रॅमला मुळात १०,००० ची मर्यादा असते. एखादा प्रोग्रॅम तिच्या जवळ पोचला असेल तर तो बंद करून पुन्हा उघडायचा. रॅम वाढवल्याने ही मर्यादा हलत नाही.

माऊसचा बाणसुद्धा थिजला, कॅप्स लॉकचा दिवा लागेना, आवाज एकाच जागी अडकला, तर मात्र टंचाई सोडून रॅमच्या पट्टीचा दोष, तापमान आणि पॉवर सप्लाय यांच्याकडे वळा. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी पट्टी काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने पुसा आणि पुन्हा तपासा. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. काम नसताना ६० च्या वर असेल तर पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची पेस्ट बदला.

शाईदौत

सी वर २२ जीबी मोकळे केले, पेजफाइल विंडोजवर सोडली, केबल बदलली, फास्ट स्टार्टअप बंद. तेवढ्याच कामाला आता कमिटेड ६.८/१०.२ दिसतं आणि कोरल पडलेलं नाही. थांबत थांबतच चालतंय, म्हणून एसएसडी घेतो. जुन्या डिस्कची नक्कल करू की विंडोज नव्याने टाकू? आणि विंडोज ११ चढेल का?

उंबरठा

नव्याने टाका. १ टीबीची अख्खी डिस्क २५६ वर जशीच्या तशी क्लोन होत नाही, पार्टिशन कापाकापी करावी लागते.

टाकण्याआधी कोरलचा सिरियल नंबर, फॉन्टचा फोल्डर, क्रोमचे बुकमार्क आणि सी वर राहिलेल्या फाइली काढून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या टूलने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा. मग जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून फक्त एसएसडी जोडलेली ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज एसएसडीवर बसतं, पण बूटचं छोटं पार्टिशन जुन्या डिस्कवरचंच वापरतं आणि पुढे ती डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही. सगळं झाल्यावर जुनी डिस्क परत जोडा. मदरबोर्ड तोच असल्याने, आत्ताचं विंडोज अॅक्टिव्हेट असेल तर नवंही इंटरनेट मिळताच आपोआप अॅक्टिव्हेट होतं. आवृत्ती मात्र तीच निवडा, होम असेल तर होम. पेजफाइल एसएसडीवरच राहू द्या. ती झिजेल या भीतीने जुन्या डिस्कवर नेलीत तर खर्च वाया जाईल.

विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आय३-६१०० सहाव्या पिढीचा, म्हणजे अधिकृतपणे नाही. नियमाला वळसा घालून चढवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतील याची खात्री नसते, त्यामुळे कामाच्या मशीनवर करू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. २२एच२ आवृत्तीवर असाल तर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावर मिळते, ती करून घ्या. लिनक्स मिंट या मशीनवर हलकं चालेल, पण कोरलची लिनक्ससाठीची आवृत्ती मिळत नाही, तेव्हा तुमच्यासाठी तो पर्याय धरत नाही.

क्रोममध्ये सेटिंग्ज → परफॉर्मन्स → मेमरी सेव्हर चालू करा. रॅमची पट्टी येईपर्यंत त्याचा चांगला आधार होतो.