प्रतिसाद: इअरप्लग दिवसभर घालण्याबद्दल

वर कोणीतरी लिहिलंय की भांड्यांचा आवाजही सहन होत नसेल तर दिवसभर इअरप्लग घालून ठेवावेत. लगेच बरं वाटतं हे खरं, पण नेमका इथेच घोटाळा होतो. कानात येणारा आवाज सतत कमी राहिला की मेंदू आतला 'व्हॉल्यूम' वाढवतो. चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांनीही दोन आठवडे जवळजवळ अखंड प्लग घातले, तर नंतर तेच आवाज त्यांना जास्त मोठे वाटतात, हे प्रयोगात दिसलं आहे. मग प्लग काढवत नाहीत, आणि चक्र सुरू.

प्लग ठेवा ते ड्रिल, मिक्सर, फटाके यांच्यासाठी. साधारण 85 डेसिबलच्या पुढे. फोमचा असेल तर बारीक वळून, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. अर्धवट बसलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी.

घरी उलट करा: पूर्ण शांतता टाळा. पंखा किंवा पावसाचा आवाज इतका हळू लावा की लक्ष दिलं तरच ऐकू येईल, आणि आठवड्या-आठवड्याने किंचित वाढवा. दुखायला लागलं तर वाढवायची घाई नको, मागच्या पातळीवर या. आणि त्रास फक्त चावण्याचा, नाक ओढण्याचा अशा ठराविक आवाजांचा असेल, तोही चिडचिडीचा, तर ते बहुधा मिसोफोनिया. त्याचे उपाय वेगळे. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) 'असह्य पातळी', म्हणजे किती मोठा आवाज झाला की सहन होत नाही ते, मोजून घेतली की त्रास यातला कोणता हे बरंच स्पष्ट होतं.