सरदार पटेलांनी वकिली खरंच सोडली होती का?

तालुकावकील (मूळ लेख)

वल्लभभाई पटेलांविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येतं: असहकाराच्या चळवळीत त्यांनी चांगली चाललेली वकिली सोडली. मला ते अपुरं वाटतं. कोर्टात जाणं थांबलं हे खरं. पण त्यांच्यातला फौजदारी वकील अखेरपर्यंत काम करत होता, आणि त्यांच्या यशाचं मूळ मला तिथेच दिसतं.

हा माणूस २२व्या वर्षी मॅट्रिक झाला. कॉलेज नाही. इतर वकिलांची पुस्तकं मागून आणून अभ्यास केला आणि १९०० मध्ये वकिलीची परीक्षा दिली. आधी गोध्रा, मग बोरसद. १९०९ मध्ये पत्नी झवेरबा मुंबईत वारल्याची तार आली तेव्हा ते साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते. तार वाचली, खिशात ठेवली, उलटतपासणी पुरी केली. लोक यात त्यांचं कठोर मन पाहतात. मी २० वर्षं कोर्टात उभा राहतोय, मला त्यात वकीलपत्राची जबाबदारी दिसते. उलटतपासणी एकदा तुटली की पुन्हा सांधत नाही, आणि त्याचं मोल अशील चुकवतो.

आता १९१८चा खेडा सत्याग्रह बघा. नियम सरकारचाच होता: पीक चार आण्यांच्या (सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक) आत असेल तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब. भांडण होतं ते आणेवारीचं, म्हणजे पीक किती आणे आलं या अंदाजाचं. सरकारी आकडा वेगळा, शेतकऱ्याचा वेगळा. पटेल गावोगाव फिरले, पिकाची चौकशी केली. १९२३ मध्ये बोरसदला दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी सरकारने माणशी २ रुपये ७ आणे कर बसवला, तेव्हाही त्यांनी आधी पुरावा जमवला. पोलिसांनीच एका दरोडेखोराशी संधान बांधलं होतं, हे त्यांनी चव्हाट्यावर आणलं. कर रद्द झाला.

बारडोली तर सरळ सरळ अपील होतं. १९२८ मध्ये शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. पटेलांची मागणी काय? निःपक्ष चौकशी करा, नाहीतर वाढ मागे घ्या. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांची चौकशी समिती बसली. ज्या खंडाच्या (जमीन कसायला देऊन मिळणाऱ्या भाड्याच्या) आकड्यांवर वाढ बेतली होती ते गावात जाऊन नीट तपासलेच नव्हते, असं निघालं. वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. आणि हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश! त्यांच्याकडून असा अहवाल येतो, तेव्हा शेतकऱ्यांची बाजू किती पक्की होती ते कळतं.

कोरडवाहू

लेख आवडला, पण मुद्दा पटला नाही.

वकील कोण नव्हतं तेव्हा? मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, राजेंद्रप्रसाद, राजाजी, जिना. सगळे वकील, सगळ्यांच्या वाटा वेगळ्या. मग पटेलांचं वेगळेपण वकिलीतून कसं आलं म्हणता?

बारडोली आकड्यांवर जिंकली असं लिहिणं हा तिथल्या लोकांवर अन्याय आहे. ब्रूमफील्ड आले ते लढा संपल्यावर. त्याआधी कित्येक महिने जप्त्या झाल्या, जमिनी लिलावात काढल्या, गुरं ओढून नेली. पठाण आणून गावात बसवले. लोकांनी दारांना कुलपं लावली, गुरांसकट घरात कोंडून घेतलं. कुंवरजी आणि कल्याणजी मेहता त्या तालुक्यात आधीपासून माणसं जोडत होते, पटेलांना बोलावून आणणाऱ्यांत तेच पुढे होते. मिठुबेन पेटिट, भक्तिबा देसाई घराघरात बायकांशी बोलल्या. ही माणसं उभी राहिली नसती तर चौकशी बसलीच नसती. माझ्या घरी तीन पिढ्या शेती आहे. जप्तीची नोटीस आली की घरात काय होतं ते मला ठाऊक आहे. तिथे कलम उपयोगी पडत नाही, शेजारी उपयोगी पडतो.

तालुकावकील

शेजाऱ्याचा मुद्दा मान्य. माझ्या लेखात लोक दिसत नाहीत, ही चूक माझी.

पण शेजारी टिकून का राहिला, हेही विचारा. मागणी लहान आणि नेमकी होती म्हणून. स्वराज्य द्या असं पटेल तिथे म्हणाले नाहीत. लढा सरकार उलथण्यासाठी नाही, साऱ्यापुरता आहे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आमच्याकडे अशील दहा तक्रारी घेऊन येतो. त्यातली कोणती चालेल हे ओळखून बाकीच्या बाजूला ठेवणं, हीच खरी वकिली.

सनावळी

तुमच्या मांडणीला मोठा अडथळा जुनागढ संस्थानाचा आहे. १९४७ मध्ये नवाबाने पाकिस्तानात सामील होण्याचा करार केला आणि पाकिस्तानने तो स्वीकारला. कागद बघणारा वकील तिथेच थांबला असता, कारण सही संस्थानिकाचीच लागत होती. पटेलांनी कागदापेक्षा प्रजा मोठी मानली. फेब्रुवारी १९४८च्या मतदानात पाकिस्तानच्या बाजूने ९१ मतं पडली, भारताच्या बाजूने एक लाख नव्वद हजारांवर. हा निर्णय राजकारण्याचा होता, आणि योग्य होता.

तनख्यांच्या, म्हणजे संस्थानिकांना सरकारकडून मिळणाऱ्या वार्षिक रकमांच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं खरं वाटतं. संस्थानं देऊन टाकणाऱ्यांना दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, म्हणून त्यांनी तनख्यांची हमी थेट राज्यघटनेत घालून घेतली. १९७१च्या घटनादुरुस्तीने ती गेली.

नर्मदाकाठ

लहान आणि नेमकी मागणी म्हणून कौतुक चाललंय, पण तिची किंमत कुणी दिली?

बारडोलीत सारा भरणारा खातेदार मुख्यतः पाटीदार आणि अनाविल या जमीनवाल्या जातींचा. त्यांच्या शेतात राबणारे दुबळा या आदिवासी समाजाचे लोक हाळी, म्हणजे कर्जाने बांधलेले शेतमजूर होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी वर्षानुवर्षं धन्याच्या घरी बांधलेले. सारा २२ टक्के वाढला काय आणि ६ टक्के वाढला काय, हाळीच्या पानात काय फरक पडला? सत्याग्रहात तो धन्याच्या बाजूने उभा राहावा अशी अपेक्षा होती. त्याचा स्वतःचा प्रश्न त्या मागणीत नव्हता. तुमच्याच भाषेत सांगायचं तर त्याचं वकीलपत्र कुणी घेतलंच नाही.

कोरडवाहू

हे खरं आहे. पण तेव्हा हाळींचा प्रश्न मध्ये आणला असता तर खातेदार फुटले असते आणि सरकारला तेच हवं होतं. आधी एकजूट, मग बाकीचं.

नर्मदाकाठ

"मग" कधी? १९३८ला हरिपुरा काँग्रेस त्याच बारडोली तालुक्यात भरली. दहा वर्षं झाली होती आणि हाळी अजून धन्याच्याच दारात होता. पटेलांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हा प्रश्न त्यांना विचारते. दुसऱ्या कुणाकडून तेवढी अपेक्षाच नव्हती.

तालुकावकील

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. बारडोलीबद्दल मी जे वाचलं त्यात सारा, खंड, जमिनीचा दर, सगळं तपासलं. जमीन ज्याच्या नावावर नाही तो माझ्या वाचनात कुठे आला नाही, आणि तो नाही हे आजवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लेखात हाळींवर वेगळा परिच्छेद घालतो. वकिली चालू राहिली हे माझं मत कायम आहे, पण ती कुणासाठी चालली हे आता त्याच्याबरोबर लिहावं लागेल.