माळ आजोबांची, ताट घराचं

‘शाकाहार म्हणजे शेवटी धर्मच’ असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. तिबेटी लोक बौद्ध, तरी मांस खातात. त्या थंड पठारावर जव आणि याक सोडून पिकणार-मिळणार काय? जपानात इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूनं गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला बंदी घातली आणि १८७२ मध्ये मेइजी सम्राटानं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं. धर्म तोच होता, दरबाराचं मन बदललं.

आमच्या लातूरकडं लिंगायत घरात मटण शिजत नाही. शेजारी मात्र आजोबांनी तुळशीची माळ घातली की त्यांच्या एकट्याचं ताट बदलतं. मग मटणाची चूल अंगणात, भांडी वेगळी आणि आजी दोन्हीकडं राबणार. (तिला कुणी विचारलंय म्हणा!) त्याच घरातून तुळजापूरच्या देवीला बोकड कबूल केलेला असतो आणि वेळा अमावस्येला, म्हणजे शेताच्या पूजेच्या सणाला, सगळं गणगोत शेतात भज्जी (शेंगा-पाल्याची मिसळ भाजी) आणि आंबील ओरपतं. यात कुणालाच विसंगती दिसत नाही, मलाही नाही.

आमच्या माळकरी आजोबांना डॉक्टरनं अंडं सांगितलं, तर म्हणाले, “शेंगदाण्याची चटणी वाढवा.”