बिडकीनला ईव्ही कंपन्या येतायत, भाच्याने आयटीआयला कुठला ट्रेड घ्यावा?

पैठणचा मामा:
भाचा यंदा 10वी झाला, 68 टक्के. 2024 ला टोयोटा किर्लोस्करने ऑरिकसाठी (आपली शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत) 20 हजार कोटींचा करार केला, ई-स्कूटरवाल्या एथरचंही बिडकीन ठरलं, तेव्हापासून गावात जो तो ईव्ही ईव्ही करतोय. पोरगं म्हणतंय मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकलच घेणार, बहीण म्हणते पॉलिटेक्निक, दाजींचं आपलं फिटर. भरती निघेस्तोवर याची दोन वर्षं होतील असा हिशोब आहे. आणि हे ट्रेड सरकार कंपन्यांना विचारून ठरवतं का हो?

वाळूज मेंटेनन्स:
मामा, तो ईव्ही मेकॅनिकचा ट्रेड जास्त करून गाडी दुरुस्तीचा आहे, शोरूम गॅरेजला चालेल. प्लांटमध्ये रोबो, कन्व्हेयर, पॅनल, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) सांभाळणारा माणूस लागतो, तो इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर, मग गाडी पेट्रोलची असो का बॅटरीची. आम्ही भरतीच्या ट्रायलला पोरांच्या हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर देतो, झिरो एरर (त्याची स्वतःची चूक) न बघताच आकडा सांगून मोकळे होतात राव, अन मार्कशीटवर 80 च्या वर! मी तर इलेक्ट्रिशियन म्हणेन.

निदेशक:
सरकारी आयटीआयत शिकवतो. अभ्यासक्रम दिल्लीहून डीजीटीकडून (केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय) येतो. कंपन्यांना विचारत नाहीत असं नाही, संस्थेच्या आयएमसीवर (व्यवस्थापन समिती) उद्योजक असतातच, पण नवीन ट्रेड म्हणजे मशिनरी आली, विजेचा लोड आला, निदेशकाचं पद मंजूर व्हायला हवं, आणि फिटरचा निदेशक एका जीआरने ईव्हीचा होत नाही, त्यामुळे कारखाना उभा राहतो तरी आमची फाईल फिरतच असते. तुम्ही ऍडमिशनच्या आधी एवढंच विचारा की कुठल्या ट्रेडला डीएसटी (ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंग) आहे आणि करार कुणाशी आहे, त्यात थिअरी आमच्याकडे अन प्रॅक्टिकल कारखान्यात असतं. ताईंना सांगा, 2 वर्षांचा ट्रेड पास झाला की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

बेरोजगार टर्नर:
कागदावर सगळं छान आहे सर. 30 किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घ्यावेच लागतात, घेतात पण, अन वर्षभर लाईनवर बोल्ट आवळायला लावतात, वर्ष संपलं की पुढची बॅच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं तेच, आयटीआयवाल्याला महिना 8 हजार, आधी 6 महिने मग 11 केले, पर्मनंटचं नाव नाही. करारात गुंतवणूक किती, रोजगार किती ते लिहितात, त्यातले कायम किती ते कोण विचारतं?

वाळूज मेंटेनन्स:
लाईनवर टाकतात हे खरंय. म्हणून अप्रेंटिसला जाताना डिपार्टमेंट विचारून घ्या, टूलरूम (जिथे डाय, साचे बनतात) किंवा मेंटेनन्स मिळत असेल तर स्टायपेंड थोडा कमी असला तरी तिथेच जा. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेचीही चौकशी करून ठेवा, तिथली पोरं ट्रायलला लगेच ओळखू येतात.

पैठणचा मामा:
बरं. इलेक्ट्रिशियन पहिला, फिटर दुसरा टाकतो, ईव्ही तिसरा, पोरगं रुसेल जरा. निदेशक सर, डीएसटीचं पैठणच्या आयटीआयतच विचारू का संभाजीनगरला जावं लागेल?